बिल्ल्यावरचे नाव, वहीतले तास

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे. 1970च्या सुमारास तिथल्या सिएटल आणि टॅकोमा या शहरांभोवती वसाहती वाढत होत्या. गुलाबावर काळे डाग का पडले, हिरवळ कशाने जळाली, टोमॅटोची पाने का वळली, असे प्रश्न घेऊन घरोघरचे बागकामवाले राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार कार्यालयाला सतत फोन करत. ही विस्तार सेवा 1914च्या कायद्याने उभी राहिली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. मूठभर अधिकाऱ्यांना शेती सांभाळून अंगणांकडे बघणे अशक्य झाले.

डेव्हिड गिबी आणि बिल शिअर या दोन विस्तार अधिकाऱ्यांनी सुचवले, की हौशी बागकामवाल्यांनाच शिकवावे आणि त्यांनीच लोकांना उत्तरे द्यावीत. विद्यापीठातल्या तज्ज्ञांना हे पटेना. तेव्हा 1972 मध्ये टॅकोमाच्या एका मॉलमध्ये चाचणी म्हणून सल्ल्याचे टेबल मांडले गेले. लोकांची गर्दी पाहून शंका मागे पडली आणि 1973 मध्ये ‘मास्टर गार्डनर’ स्वयंसेवकांचे पहिले प्रशिक्षण झाले. आज हा कार्यक्रम अमेरिकेच्या सर्व राज्यांत पोचला आहे.

स्वयंसेवकांची कदर कशी करावी, हा प्रश्न कुठल्याही बागप्रेमी मंडळाला पडतो. आपल्याकडे पुष्पप्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ, एक गुलाब, फोटो आणि टाळ्या एवढ्यावर तो सुटल्यासारखा वाटतो. मास्टर गार्डनर कार्यक्रमाने मात्र मानाची सुरुवातच कामाच्या आधी केली, आणि मला त्याचे मोठेपण इथेच दिसते. आधी शिकवायचे: माती, कीड, रोग, छाटणी, पाणी. अनेक राज्यांत हे प्रशिक्षण चाळीसेक तासांचे असते. त्या बदल्यात पहिल्या वर्षी साधारण तेवढ्याच तासांची सेवा द्यायची. विद्यापीठ आपल्यावर वेळ खर्च करते आणि नंतर आपल्या नावाचा बिल्ला देऊन लोकांसमोर बसवते, यापेक्षा मोठा विश्वास कोणता?

त्या विश्वासाला शिस्तही आहे. शेतकरी बाजारात किंवा ग्रंथालयात मांडलेल्या टेबलावर कुणी प्लास्टिकच्या पिशवीत रोगट पान घेऊन येते. स्वयंसेवक भिंगातून ते निरखतो, पाणी किती दिले, फवारणी कोणती केली ते विचारतो, आणि विद्यापीठाच्या संशोधनावर आधारलेलाच सल्ला देतो. स्वतःच्या आजीचा उपाय कितीही आवडता असला तरी तिथे सांगायचा नाही. उत्तर माहीत नसेल तर तज्ज्ञाला विचारून कळवायचे. ‘मास्टर गार्डनर’ ही पदवी लावून स्वतःची रोपवाटिका चालवता येत नाही, की एखाद्या खताची जाहिरात करता येत नाही. शिवाय ती कायमची नाही. दरवर्षी ठरलेली सेवा आणि थोडे नवे शिक्षण पूर्ण केले तरच ती टिकते. हे नियम काहींना जाचक वाटतील. मला ते योग्य वाटतात. विकता येत नाही म्हणूनच त्या बिल्ल्याला किंमत आहे.

मग येते तासांची नोंद. प्रत्येकाने आपले तास लिहायचे. ठरावीक टप्पे गाठले की बऱ्याच ठिकाणी छोटी पिन किंवा प्रशस्तिपत्र मिळते. या नोंदीचा उपयोग सत्कारापलीकडेही आहे. अमेरिकेत स्वयंसेवेच्या एका तासाचे मोल आता 30 डॉलरहून जास्त धरले जाते. सगळ्यांच्या तासांची अशी बेरीज मांडली, की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अंदाजपत्रकात कार्यक्रमासाठी पैसे मागताना आधार मिळतो. नोंद नसेल तर ते श्रम सरकारी कागदावर झालेच नाहीत असे होते.

पण तासांचे माप सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. निवृत्त माणूस आठवड्याला दहा तास देऊ शकतो. नोकरी आणि लहान मुले सांभाळणारी बाई शनिवारी दोनच तास देते, आणि तेही ओढाताण करून. वहीत ती कायम मागे राहणार. अशी माणसे गमावणे कुठल्याही मंडळाला परवडणारे नाही. म्हणून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मास्टर गार्डनर परिषदेतले ‘सर्च फॉर एक्सलन्स’ पुरस्कार मला अधिक न्याय्य वाटतात. ते तासांवर ठरत नाहीत. प्रात्यक्षिक बाग, मुलांसाठीचा उपक्रम, कार्यशाळा अशा सामूहिक प्रकल्पांना मिळतात. रोपे वाहणाराही त्यात येतो आणि हिशेब ठेवणाराही.

गुडघे दुखू लागल्यावर, डोळे मंदावल्यावर काय? दीर्घ सेवा केलेल्यांना अनेक राज्ये ‘इमेरिटस’ दर्जा देतात. त्यांना वार्षिक तासांची अट लागू होत नाही. नाव यादीत राहते, बैठकांची निमंत्रणे येत राहतात, आणि जमेल त्या दिवशी टेबलापाशी येऊन बसता येते.