पडद्यावरचा साधा चेहरा आणि आपली तिजारत

लग्नसराई जवळ आली की कापडाच्या पेठेत अलीकडे एक नवीनच मागणी ऐकू येते. पूर्वी गिऱ्हाईक रंग सांगे, पोत पाही, भाव विचारी. आता मुली मोबाइलवर जुन्या चित्रपटातले एखादे छायाचित्र पुढे धरतात आणि "चाचा, मला असे दिसायचे आहे" म्हणतात. कुणाला ‘सुजाता’तली (१९५९) नूतन हवी असते, कुणाला ‘पाकीजा’तली (१९७२) मीनाकुमारी, तर कुणाला ‘उमराव जान’मधली (१९८१) रेखा. चेहऱ्यावर काही लावलेच नाही असे वाटावे आणि तरी चेहरा खुलून दिसावा, अशी ही हौस आहे. पार्लरवाल्या तिला ‘नॅचरल लुक’ म्हणतात.

आम्ही कापडवाले. पावडर-लाली हा आमचा धंदा नव्हे. पण या हौसेतला निम्मा माल आमच्या कपाटातून जातो. शिवाय आपल्या कित्येक घरांतल्या मुली-सुना आज पार्लर चालवून संसाराला हातभार लावीत आहेत. म्हणून काही गोष्टी व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

मागील हंगामात एका मुलीने आम्हाला ‘बंदिनी’तल्या (१९६३) नूतनचे चित्र दाखवून ओठांचा नेमका रंग विचारला. आम्ही म्हटले, बेटा, चित्रच काळे-पांढरे आहे, रंग कुठून सांगू? ती हसली, तिची आईही हसली, पण याच रंगाची लिपस्टिक म्हणून कुणीतरी तिला एक डबी आधीच विकली होती! कृष्णधवल चित्रपटात रंगाचा प्रश्नच नसतो. असतो तो उजेड आणि सावली. ‘बंदिनी’चा कॅमेरा कमल बोस यांचा होता. नूतनच्या चेहऱ्यावर जो शांतपणा दिसतो त्यात तिच्या अभिनयाइतकाच त्या उजेडाचा वाटा आहे. ‘मुघल-ए-आझम’ची (१९६०) गोष्टही अशीच. त्यातले शीशमहालातले गाणे आणि शेवटचा भाग तेवढा रंगीत चित्रित झाला होता. बाकीचा चित्रपट कृष्णधवल होता आणि त्यात २००४ साली संगणकावर रंग भरले गेले. त्या भरलेल्या रंगावरून मधुबालाच्या गालाची लाली ठरवायची म्हणजे रंगाऱ्याने रंगवलेल्या फोटोवरून साडीचा पक्का रंग ओळखण्यासारखे आहे.

आता आमच्या विषयाकडे येतो. चेहऱ्याचा रंग जितका डबीतून येतो तितकाच कपड्यातून येतो, हे पेठेतल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. पोपटी ओढणी हनुवटीशी धरा, चेहऱ्यावर हिरवट छाया पडते. मोतिया किंवा दुधी रंग धरा, तोच चेहरा निवळतो. जरीचा काठ गळ्याजवळ आला की गालावर पिवळी झाक येते. सावळ्या मुलीला ती फार शोभते, आणि हे तिला कुणी सांगत नाही. आमचे वालिद गिऱ्हाइकाला ठाण हातात देण्याआधी दुकानाच्या उंबऱ्यापाशी नेत. ट्यूबच्या उजेडात रंग खोटे बोलतो, असे ते म्हणत. ‘सुजाता’त नूतनचा साधेपणा जो मनात भरतो तो साध्या सुती साडीवर उभा आहे. तोच चेहरा भरजरी शालूवर ठेवला तर फिका पडेल. म्हणजे जिला नूतन व्हायचे आहे तिने आधी शालू बदलला पाहिजे, मग पावडर. पण हे बोलायला दुकानदाराची छाती हवी, कारण शालूत नफा जास्त असतो.

‘पाकीजा’त तर कपड्याने चेहऱ्याचेच काम केले. चित्रपट बनायला दीड दशकाच्या आसपास काळ गेला आणि शेवटी शेवटी मीनाकुमारी फार आजारी होत्या. काही नृत्ये त्यांच्याऐवजी पद्मा खन्ना यांनी चेहरा ओढणीआड ठेवून केली. पाहणाऱ्याला ओढणीतही मीनाकुमारीच दिसली. या चित्रपटातले पोशाख मीनाकुमारी यांनी स्वतः तयार केले होते, ही गोष्ट कारागिरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

साधना कटाचेही असेच. ‘लव्ह इन सिमला’च्या (१९६०) वेळी साधना यांचे कपाळ रुंद दिसते म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर कपाळावर बटा घेतल्या गेल्या. पुढे अरुंद कपाळाच्या मुलींनीही तेच केस कापून घेतले आणि कपाळ नाहीसे झाले. एका चेहऱ्याची गरज दुसऱ्या चेहऱ्यावर लादली की असे होते.

असो. पार्लर चालविणाऱ्या आमच्या एका भाचीकडून आम्ही जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. ती वधूला तीन-चार दिवस आधी दुपट्ट्यासकट बोलावते. फाउंडेशनचा रंग मनगटावर पाहत नाही, जबड्याच्या कडेला लावून दारातल्या उजेडात पाहते; चेहरा आणि मान यांचा मेळ तिथेच कळतो. सगळ्या चेहऱ्यावर थर देत नाही. डाग असेल तिथे, डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला तेवढे लावून ओल्या स्पंजने दाबते. गालाची लाली बोटाने, ओठांचा रंगही बोटानेच चोळून. ‘उमराव जान’ हवी असेल तर मधला भांग, झूमर, नथ आणि भरीव काजळ. मग ओठ हलके ठेवते. डोळे आणि ओठ दोन्ही बोलू लागले की चेहरा गप्प होतो, असे तिचे म्हणणे. हॉलमध्ये दिवे कोणते आहेत, पिवळे की पांढरे, हे ती आधी विचारून घेते. पांढऱ्या एलईडीखाली हलका चेहरा मुडद्यासारखा दिसतो, म्हणून तिथे लाली थोडी वाढवते. हलक्या साजाचा एक फायदा वयस्कर बाया लगेच ओळखतात: वजूच्या वेळी तो धुतला तरी पुन्हा चटकन लावता येतो.

पण याच धंद्यात काही गोष्टी अशा चालल्या आहेत की त्यावर गप्प बसणे योग्य नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द डबीवर लिहिला की माल खपतो. जुन्या पद्धतीचा सुरमा पुष्कळदा गॅलेना या दगडाचा असतो, म्हणजे शिसे आणि गंधक. शिसे अंगात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. नैसर्गिक दगड आहे म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाचे संयुग वापरण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती प्रसाधने विकण्यासाठी बनवायला परवाना लागतो. काळी मेंदी घ्या. पानाची मेंदी काळी नसतेच. ती आधी नारिंगी येते आणि दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी होते. तासाभरात काळी होणाऱ्या मेंदीत बहुधा केस रंगवायचे पीपीडी नावाचे रसायन असते, त्याने हातावर फोड येतात आणि वण राहू शकतात. निकाहाच्या आदल्या दिवशी हे झाले तर त्या घरावर काय गुजरते याचा विचार करावा.

सर्वांत वाईट म्हणजे बिनलेबलची गोरे करणारी क्रीम. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले, कारण पारा. नूतनचा चेहरा हवा म्हणून आलेल्या मुलीला गोरे करण्याची क्रीम देणारे पार्लर आम्ही स्वतः पाहिले आहे. ‘सुजाता’ची गोष्ट ज्याने पाहिली आहे त्याला यातला विपर्यास समजेल. पार्लरसाठी माल भरणाऱ्या आपल्या बांधवांनी पॅकवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर तो ठेवूच नये, मग त्यात नफा कितीही सुटो.

आमच्या दुकानात गेल्या हंगामापासून आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. लग्नाचा जोडा विकला की ओढणीच्या कापडाची वीतभर कातरण कागदाला टाचून देतो आणि ती पार्लरवालीला द्यायला सांगतो. कागदावर कापडाचा रंग आणि जरी पिवळी की पांढरी एवढेच लिहिलेले असते. सुरुवातीला कामगार कुरकुरले, कातरण फुकट जाते म्हणून. आता पार्लरवाल्याच गिऱ्हाइकाला विचारतात, कातरण आणली का?