पाण्याखालचा श्वास

मराठवाड्यात आपण पोहायला शिकतो ते विहिरीत. पाठीला सुकलेला भोपळा बांधायचा आणि काकाने नाहीतर मामाने मागून ढकलून द्यायचे, ही आपली पहिली शाळा. पुढे चढाओढ लागते ती दमाची. तळाची माती मुठीत घेऊन जो वर येतो, तो पटाईत.

लातूरहून विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही मालवणला गेलो होतो. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथली ही मुले. समुद्र पाहून हरखली यात नवल काय! शेवटच्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करायचे ठरले. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, तोंडात नळी, आणि पाण्याखाली फिरायचे. टाकीत प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, असते ती आपली नेहमीचीच हवा. करामत आहे ती झडपेची. आपण श्वास ओढला की ती उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा देते. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ही जोडणी सिद्ध केली.

शिकवणाऱ्याने पहिलाच नियम सांगितला : दम धरायचा नाही. आमचा एक पटाईत गडी हसला. "सर, दम न धरता बुडी मारायची तरी कशी?"

प्रश्न रास्त होता. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत घेऊन उतरतो. खाली ती दाबली जाते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. अधिक होत नाही. टाकीचे गणित निराळे. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा दम धरून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागेल. छातीत तेवढी जागा कुठली? फुप्फुस फाटते आणि बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जातात. दीड मीटरवरूनही हे घडू शकते. तेव्हा श्वास चालूच ठेवायचा, आणि घाबरून वर झेप घ्यायची नाही.

उथळ पाण्यात सराव सुरू झाला. गंमत अशी, की ज्यांना पोहता येत नव्हते ती मुले लवकर शिकली. आमच्या गड्याचा दम मात्र डोके पाण्यात गेले की आपोआप धरला जाई. त्याला तासभर लागला. कानाचेही एक तंत्र आहे : खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, दुखले तर थोडे वर यायचे. सर्दी असेल त्याने उतरूच नये. मला सर्दी होती, मी नावेत बसून राहिलो.

सहलीच्या शेवटी ही हौस करणारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दाबाखाली हवेतला नत्रवायू रक्तात अधिक विरघळतो. वर येऊन लगेच उंचावर गेले, तर सोड्याची बाटली फोडल्यावर फेस यावा तसे रक्तात बुडबुडे धरू शकतात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. परदेशच्या सहलीत परतीचे तिकीट नेमके त्याच रात्रीचे असते!

आमच्या वाटेत आंबोलीचा घाट होता. बुडी उथळ आणि थोडा वेळची, त्यामुळे फारशी भीती नव्हती. तरी आम्ही गाडी सकाळवर ढकलली. रात्रभर मुले त्या गड्याला विचारत होती, "दम कुठे गेला रे तुझा?"