दर्यावर राहतो, मासळी खातो, मग थायरॉइड कसा?



आपल्यात एक समज पक्का बसलाय. आपण किनाऱ्यावर राहतो, रोज ताटात मासळी असते, मीठ तर आपल्याच दर्यातलं. मग थायरॉइड आपल्याला कशाला होईल? तो डोंगरातल्या लोकांचा आजार!

या समजापायी आपल्या घरात तपासणीला उशीर होतो, म्हणून आज यावर सविस्तर लिहितोय. थोडं लांब आहे, पण पूर्ण वाचा. घरात वाचून दाखवलंत तर आणखी चांगलं.

ही ग्रंथी करते काय?

गळ्यात पुढच्या बाजूला, घाटीच्या जरा खाली, फुलपाखरासारखी एक छोटी ग्रंथी असते. तीच थायरॉइड. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. पण अख्ख्या शरीराची रेस तिच्या हातात. रेस कमी केली की इंजिन धापा टाकतं, जास्त दिली की तापतं. शरीराचंही तसंच.

ही ग्रंथी टी-३ आणि टी-४ नावाचे रस रक्तात सोडते. हे रस बनायला आयोडीन लागतं. रस कमी पडला की मेंदूखालची एक ग्रंथी टीएसएच नावाचा हुकूम जोरात पाठवते, "अजून बनव!" म्हणूनच रक्तात टीएसएच वाढलेला दिसला की बहुतेक वेळा थायरॉइड मंद चाललीय असं समजतात. टीएसएच फार खाली गेला तर ती जास्त पळतेय.

आपल्या मिठाचा हिशोब

आता मुद्द्याचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पण आयोडीन फक्त ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ते सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी ५ ग्रॅम मिठात, म्हणजे एका लहान चमच्यात, ७ मायक्रोग्रॅमच येतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे नुसत्या खड्या मिठावर गरजेचा विसावा हिस्साही भरत नाही.

आयोडीनयुक्त मिठात दुकानात विकताना किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. तेवढ्याच ५ ग्रॅममधून किमान ७५ मायक्रोग्रॅम मिळतं. बाकीचं दूध, अंडी, मासळीतून भरून निघतं.

मग मासळी रोज खातो त्याचं काय? समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं, हे खरंच. पण प्रत्येक जातीत वेगळं, आणि उकळून पाणी फेकलं की त्यातलं बरंच जातं. शिवाय पावसाळ्यात बंदी लागली की ताजी मासळी किती घरांत रोज शिजते? तेव्हा मासळीवर विसंबून चालत नाही.

आपल्या घरातली खरी अडचण दुसरीच आहे. बोंबील, सुकट, खारवलेली मासळी यासाठी खड्या मिठाचं पोतं घरात असतंच. हाताशी आहे म्हणून तेच आमटीत, तेच कालवणात. मासळी खारवायला ते वापरा, काही हरकत नाही. पण जेवणातलं मीठ वेगळं ठेवा. १७ मे २००६ पासून थेट माणसाच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे, ती उगाच नाही.

डोंगरातलाच आजार?

हा समजही फुकटचा नाही, त्याला कारण आहे. १९५६ साली हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पथकाने गावांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. गलगंड, म्हणजे गळ्याची सूज, काही वर्षांत निम्म्याहून कमी झाली. त्याच जोरावर १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे गलगंड म्हणजे हिमालय, असं डोक्यात बसलं.

पण पुढे पाहण्या झाल्या तशा मैदानातल्या आणि किनाऱ्याजवळच्या जिल्ह्यांतही गलगंड सापडत गेला. आपल्या सुरतेच्या बाजूचाच भरूच जिल्हा घ्या. नर्मदेचं मुख तिथे, समुद्र तिथे, तरी प्राथमिक शाळेतल्या मुलांमध्ये गलगंड मोठ्या प्रमाणात आढळला. डांगमध्येही तेच. समुद्र शेजारी असला म्हणून आयोडीन आपोआप ताटात येत नाही.

आणि आयोडीन पुरेसं मिळालं तरी थायरॉइड बिघडू शकते. आज मोठ्या माणसांत ती मंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत ५,३७६ माणसं तपासली, त्यात १०.९५ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली. समुद्रापासून दूरच्या शहरांत ११.७३ टक्के, किनाऱ्यावरच्या शहरांत ९.४५ टक्के. फरक आहे, पण किनाऱ्यावरही अकरात एक माणूस! आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास कितीतरी जास्त.

शरीरावर काय परिणाम होतात?

मंद झाली तर: सतत थकवा, झोप पुरत नाही, वजन वाढतं, इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी, केस गळतात, आवाज बसतो, सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, नाडी मंद चालते, हातापायात गोळे येतात. बायकांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो. कोलेस्टेरॉल वाढतं, मन उदास राहतं.

जास्त पळाली तर: खाऊनही वजन उतरतं, छातीत धडधड, हाताला थरथर, घाम, जुलाब, चिडचिड, झोप उडते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

आता हे बोटीवर आणून पाहा. जाळं ओढताना दम लागणारा खलाशी "आळशी झालाय" ठरतो. थरथरत्या हाताने दोर धरणाऱ्याकडे "रात्री जास्त झाली वाटतं" म्हणून बघतात. घरी मासळी निवडून, विकून थकलेली बाई "वय झालं" म्हणून गप्प बसते. थकव्याची कारणं बरीच असतात, रक्त कमी असणं हेही एक. पण रक्त तपासल्याशिवाय कळणार कसं?

पोटातलं बाळ

इथे दिरंगाई परवडत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू घडत असतो आणि थायरॉइडचा रस ते आईकडूनच घेतं. आईला कमी पडला तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होऊ शकतो, गर्भपाताचा धोकाही वाढतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच टीएसएच तपासून घ्या. आधीपासून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो. गोळी मनाने बंद करू नका.

साधारण हजार बाळांत एक बाळ जन्मतःच थायरॉइड कमी घेऊन येतं. दिसायला ठणठणीत असतं. पहिल्या काही दिवसांत टाचेच्या रक्ताची तपासणी करून दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले तर असं मूल नेहमीसारखं वाढू शकतं. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात या तपासणीबद्दल विचारा.

गोळी चालू असेल आणि बोटीवर जायचं असेल तर

१. मंद थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. पहाटे जाळ्याच्या गडबडीत जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. डॉक्टरांना विचारून वेळ पक्की करा.

२. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांचं अंतर ठेवून घ्या.

३. निघण्याआधी फेरीचे दिवस मोजा आणि आठवडाभराच्या गोळ्या जास्त ठेवा. झाकणाच्या कोरड्या डब्यात, इंजिनच्या उष्णतेपासून आणि बर्फाच्या ओलीपासून लांब.

४. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. पण "बरं वाटतंय" म्हणून बंद केली तर त्रास हळूहळू परत येतो. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

५. जास्त पळणाऱ्या थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल चालू असेल आणि ताप, घसादुखी सुरू झाली तर गोळी थांबवा आणि लगेच किनाऱ्यावर येऊन रक्त तपासा. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. हे तांडेलालाही माहीत असू द्या.

६. गळ्याला गाठ किंवा सूज दिसली तर दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

एवढं करू या

स्वयंपाकघरात दोन डबे ठेवा. खारवायचं मीठ एकात, जेवणाचं आयोडीनयुक्त मीठ दुसऱ्यात. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे जेवणाच्या मिठाचं झाकण घट्ट लावा, चुलीपासून लांब ठेवा आणि मीठ शिजवण्याच्या शेवटी टाका. मीठ जास्त खायचं नाही, फक्त योग्य ते खायचं. ब्लडप्रेशरवाल्यांनी हे विसरू नये.

बंदीच्या दिवसांत बोट वर ओढून आपण तळ तपासतो, इंजिन खोलतो, जाळी शिवतो. त्याच दिवसांत वर सांगितलेली लक्षणं असणाऱ्यांनी आणि घरात आधी कोणाला थायरॉइड असलेल्यांनी एकदा टीएसएच करून घ्या. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, तिथे चौकशी करा.

आणि मालक मंडळींना एक विनंती. खलाशी सतत थकलेला दिसला तर त्याला कामावरून काढण्याआधी एकदा रक्त तपासायला पाठवा.

पोस्ट घरातल्या बायकांना नक्की दाखवा. त्या स्वतःहून सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा.