गर्दीच्या वाटेवरील अग्रक्रम

एखाद्या रुग्णालयाची कल्पना करावी. तळमजल्यावरून क्ष-किरण चित्रांचा मोठा संच साठवणुकीच्या संगणकाकडे धाडला जात आहे. त्याच क्षणी वरच्या मजल्यावरील परिचारिका त्याच जाळ्यावरील दूरध्वनीवरून डॉक्टरांना औषधाची मात्रा विचारीत आहे. चित्रे दोन सेकंद उशिरा पोहोचली तर फारसे बिघडत नाही. परंतु डॉक्टरांच्या उत्तरातील एक आकडा गळाला, तर अनर्थ ओढवू शकतो. दोहोंची वाट एकच, निकड मात्र निराळी.

जाळ्यातील सर्व संदेश लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविले जातात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेट योग्य वाटेला लावणारे यंत्र म्हणजे स्विच. समजा, दोन तारांतून दर सेकंदास प्रत्येकी १० कोटी बिट आत येत आहेत आणि दोहोंना बाहेर पडण्यास तेवढ्याच क्षमतेची एकच तार आहे. जादा पॅकेटे स्विचच्या स्मृतीत रांग लावतात. ही स्मृती ८० लाख बिटांची असेल, तर ती सेकंदाच्या शंभर भागांपैकी अवघ्या ८ भागांत भरते. त्यानंतर येणाऱ्या पॅकेटांपैकी ज्यांना जागा मिळत नाही, ती टाकून दिली जातात.

गळालेला चित्राचा तुकडा पुन्हा मागविता येतो. संभाषणाचे तसे नाही. दूरध्वनीचा आवाज सामान्यतः दर सेकंदास ५० पॅकेटांतून जातो. वेळ टळून आलेले पॅकेट न आल्यासारखेच होय.

यावर उपाय म्हणजे एका रांगेऐवजी अनेक रांगा. पॅकेटाच्या माथ्यावर त्याचा दर्जा सांगणारी खूण असते. इंटरनेटच्या १९९८ सालच्या नियमानुसार तिच्यासाठी ६ बिट राखलेले आहेत; त्यांतून ६४ निरनिराळ्या खुणा संभवतात, आणि दूरध्वनीच्या आवाजास बहुधा ४६ हा अंक दिला जातो. खूण वाचून स्विच पॅकेटास योग्य रांगेत उभे करतो आणि तातडीची रांग रिकामी होईपर्यंत इतरांना थांबवितो.

परंतु येथे एक धोका आहे. तातडीची रांग कधीच संपली नाही, तर मागील रांगांची उपासमार होते. म्हणून त्या रांगेस मर्यादा घालतात, आणि उरलेल्या रांगांना ठरावीक प्रमाणात आळीपाळीने संधी देतात. तसेच, कोणताही संगणक स्वतःच्या पॅकेटावर उच्च दर्जाची खूण उमटवू शकतो. सर्वांनीच तसे केले, तर अग्रक्रमास अर्थच उरणार नाही. यास्तव काळजीपूर्वक उभारलेल्या जाळ्यात प्रवेशद्वारावरील स्विच अनोळखी खुणा पुसून टाकतो आणि नियमानुसार नव्या खुणा देतो.

अग्रक्रमाने तारेची क्षमता तिळमात्रही वाढत नाही. तातडीच्या पॅकेटाचा वाचलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी प्रतीक्षेतून येतो. गर्दी नित्याचीच झाली, तर अधिक क्षमतेची तार हाच खरा उपाय. मात्र ती क्षणिक असेल, तेव्हा कोणी थांबावे याचा निर्णय आधीच विचारपूर्वक केलेला असला, म्हणजे परिचारिकेस डॉक्टरांचा शब्द अखंड ऐकू येतो; चित्रेही थोड्या विलंबाने, पण संपूर्ण पोहोचतात.