लष्करी इंधन : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्कराच्या इंधनात आपल्या पेट्रोल-डिझेलपेक्षा जास्त ताकद असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक लढाऊ विमानांचे इंधन प्रवासी विमानांच्याच जातीचे, म्हणजे खूप शुद्ध केलेले रॉकेल असते. अमेरिकी हवाई दलाने दीर्घकाळ वापरलेले जेपी-८ हे मुळात नागरी जेट ए-१ च. त्यात बर्फ धरू न देणारी, गंज रोखणारी अशी काही द्रव्ये मिसळलेली असतात. त्याआधीचे जेपी-४ फार चटकन पेट घेई. व्हिएतनाम युद्धात विमानांना लागलेल्या आगींमुळे ते मागे पडले. इंधन हवे तेव्हाच पेटावे, कडाक्याच्या थंडीतही वाहावे आणि महिनोन्महिने टाकीत राहून नासू नये, यासाठीच लष्करी इंधनावरचे संशोधन मुख्यतः चालते.

सर्वांत पक्का गैरसमज थंडीबद्दलचा. डिझेल पाण्यासारखे ठरावीक अंशाला गोठते आणि तोवर गाडी चालते, असे लोक समजतात. पण डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. पारा उतरू लागला की या घटकांचे बारीक स्फटिक सुटे होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागते. हे स्फटिक फिल्टरवर बसतात. टाकीतले डिझेल अजून पातळ असते, तरी ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही आणि ट्रक बंद पडतो. लडाखमध्ये पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तिथे डिझेलमध्ये रॉकेल ओतण्याचा जुना उपाय होता. त्याने डिझेल पातळ होते खरे, पण ज्या पंपाला डिझेलच वंगण पुरवते तो झिजतो आणि धूरही वाढतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी पानिपत रिफायनरीत तयार केलेले हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते आणि रॉकेलच्या भेसळीची गरजच उरत नाही. सैनिकाइतकाच लेहच्या टॅक्सीवाल्यालाही त्याचा उपयोग आहे.

पंपावरचे डिझेल युद्धनौकेतही चालेल, हा समजही चुकीचा. नौकेत इंधनाच्या टाक्यांच्या अवतीभवती माणसे राहतात आणि इंजिनघरातली उष्णता भयंकर असते. म्हणून नौदलाच्या डिझेलची वाफ ६० अंशांच्या खाली पेट घेऊ नये, अशी अट असते. साध्या डिझेलसाठी हीच किमान मर्यादा ३५ अंश आहे. जानेवारी २०२० मध्ये नौदलासाठी आलेल्या सुधारित डिझेलला २२ कसोट्या लावल्या आहेत. मित्रदेशांच्या नौकांनाही ते देता येते.

जैवइंधन म्हणजे इथेनॉल, असेही सर्रास म्हटले जाते. जेट इंधनाच्या विमानात इथेनॉल चालत नाही. ते पाणी शोषते आणि त्यात ऊर्जाही कमी असते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडासारख्या वनस्पतींच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून रॉकेलसारखेच इंधन बनवले. त्याचे १० टक्के मिश्रण घेऊन हवाई दलाचे एएन-३२ विमान डिसेंबर २०१८ मध्ये चंदीगडला आणि जानेवारी २०२० मध्ये लेहला उडाले. लेहच्या विरळ हवेतले उड्डाण ही खरी परीक्षा होती. मग शंभर टक्के का नाही, असा प्रश्न येतो. अशा अनेक इंधनांत काही नेहमीचे घटक नसतात. ते नसले की इंधनवाहिन्यांतली रबरी सीले आक्रसतात आणि गळती सुरू होते. अशा इंधनांच्या मिश्रणाला म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकांत ५० टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे.

राहिला पुरवठा. तो सुधारणे म्हणजे जास्त टँकर पाठवणे, ही अर्धीच गोष्ट. हिवाळ्यात बर्फामुळे लडाखच्या वाटेवरची झोजी ला खिंड बंद होते, त्यामुळे लडाखमधला इंधनसाठा उन्हाळ्यातच भरून ठेवावा लागतो. साठवलेल्या इंधनातले पाणी टाकीच्या तळाशी उतरते, तिथे बुरशी वाढते आणि तिचा गाळ फिल्टर बुजवतो. तळाचे पाणी वेळोवेळी काढणे आणि नमुने तपासणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते चुकले तर रिफायनरीतली सारी मेहनत वाया जाते. दुसरा मार्ग खप कमी करण्याचा. सीमेवरच्या चौक्या उबदार ठेवायला रॉकेल जळते. डीआरडीओच्या ‘दिपास’ प्रयोगशाळेने कमी रॉकेलवर चालणारा ‘हिम तापक’ बनवला आहे. तिथे वाचलेले प्रत्येक लिटर घाट चढवून न्यावे लागत नाही. क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची बातमी पहिल्या पानावर येते. या कामालाही तिथे जागा मिळायला हवी.