एक्सेलमध्ये ३१ टाकलं की १९३१ का होतं?

एफडीची यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर हे जरूर वाचा. अशीच एक यादी माझ्याकडे तपासायला आली होती. मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे सॉर्ट केली, तर २०३१ मधल्या ठेवी सगळ्यात वर, २०२६ च्याही आधी! सेलमध्ये १५-०६-३१ दिसत होतं, पण क्लिक केल्यावर फॉर्म्युला बारमध्ये १५-०६-१९३१.

एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवतं. १ जानेवारी १९३० म्हणजे १०९५९ आणि १ जानेवारी २०३० म्हणजे ४७४८४. त्यामुळे तुम्ही फक्त ‘३१’ लिहून एंटर दाबलंत की शतक त्यालाच ठरवावं लागतं. नेहमीचा नियम असा : ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. वीस वर्षांपूर्वी ही सीमा फार दूर वाटायची. आता पाच वर्षांची साधी एफडीसुद्धा ती ओलांडते. उलट १९२८ साली जन्मलेल्या आजींचं वर्ष ‘२८’ टाकलं, तर त्यांचा जन्म अजून व्हायचाय!

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, डेट इथे ही सीमा बदलता येते. पण मी तो मार्ग सुचवणार नाही. आधी टाकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सीमा वेगळी असू शकते. सरळ चार आकडी वर्ष टाका.

एवढंही पुरत नाही बरं का. सेलचा फॉरमॅट दोन आकडी वर्षाचा असेल आणि फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर जे दिसतं तेच लिहिलं जातं. बरोबर टाकलेलं २०३१ पुन्हा उघडताना १९३१ होऊ शकतं. म्हणून फॉरमॅटही चार आकडी वर्षाचाच ठेवा.

चुकलेल्या तारखा हाताने बदलत बसू नका. बाजूच्या कॉलममध्ये ‘ईडेट’ फंक्शन वापरून १२०० महिने, म्हणजे १०० वर्षं मिळवा. मात्र हे फक्त चुकलेल्या ओळींनाच लावा.

आणि ‘डेट’ फंक्शन वापरत असाल तर आणखी जपून. ते ही सीमा पाळतच नाही, वर्षात थेट १९०० मिळवतं. तिथे २६ दिलं तरी १९२६ च मिळेल.