सावळ्या कुंभार आणि आकाशकथेंतील विदूषक

थोर कथांचे नायक आपल्या लक्षांत राहतात ते त्यांच्या पराक्रमामुळें. परंतु त्या नायकांच्या शेजारीं उभा राहून अडखळणारा, भलत्या वेळीं भलतेंच बोलणारा आणि ऐन आणीबाणींत भुकेची आठवण काढणारा जो एक इसम असतो, तो कशामुळें लक्षांत राहतो? पुष्कळ वाचक म्हणतील, तो हंसवितो म्हणून. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. कथा सांगणारा स्वतः कोणाच्या बाजूस उभा आहे, हें त्याच्या विदूषकावरून जितकें स्पष्ट कळतें तितकें नायकावरून कळत नाहीं. नायकाची स्तुति सर्वच करतात. हंसावयाचें कोणाला, हें ठरवितांना मात्र मनुष्याची खरी पारख होते.

या दृष्टीनें दोन विनोदी पात्रें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एक आपल्या मावळांत वाढलेल्या नटानें अजरामर केलेलें. दुसरें अमेरिकन चित्रपटांतील, ताऱ्यांच्या प्रदेशांत वावरणारें.

इंदुरीचा सोंगाड्या

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावलेली इंद्रायणी कार्ले आणि भाजें येथील लेण्यांच्या डोंगरांमधून वाट काढीत तळेगांव दाभाड्याजवळ इंदुरी गांवीं येते आणि पुढें देहू-आळंदीकडे जाते. इंदुरीस सरसेनापति दाभाड्यांची गढी आहे. जवळच तुकोबांच्या चिंतनानें पुनीत झालेला भंडाऱ्याचा डोंगर आहे. एका बाजूस तलवार आणि दुसऱ्या बाजूस वीणा, अशा या गांवानें महाराष्ट्रास तिसरी एक देणगी दिली, ती हास्याची. गजानन सरोदे हें नांव फार थोड्यांस ठाऊक असेल. पण दादू इंदुरीकर म्हटलें कीं, तमाशाचा जाणकार लगेच मान डोलावतो. १९८० मध्यें ते निवर्तले. त्यांच्या कलेचा गौरव संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारानें झाला होता. त्यांचें नांव ज्या भूमिकेशीं कायमचें जोडलें गेलें ती भूमिका म्हणजे हरिभाऊ वडगांवकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगांतील सावळ्या कुंभार. त्यांच्यासमोर सावळ्याची बायको गंगी म्हणून प्रभा शिवणेकर उभ्या राहत.

वगाची कथा जुन्या लोककथेच्या वळणाची आहे. इंद्राच्या दरबारांत एका गंधर्वाच्या हातून आगळीक घडते. शाप होऊन तो पृथ्वीवर गाढवाच्या देहांत येतो आणि सावळ्या कुंभाराच्या दारीं राबूं लागतो. एके दिवशीं हें गाढव मनुष्यवाणीनें बोलतें आणि आपणांस राजकन्येशीं विवाह करावयाचा असल्याचें धन्यास सांगतें! ही मागणी दरबारांत नेणार कोण? अर्थातच सावळ्या.

या कथेस आमच्या मतें आकाशकथाच म्हटलें पाहिजे. गंधर्वाच्या जागीं परग्रहवासी कल्पावा, शापाच्या जागीं देह पालटणारें एखादें यंत्र ठेवावें, म्हणजे आजची विज्ञानकथा तयार होते. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञानेंही आपल्या विज्ञानकथासंग्रहास ‘यक्षांची देणगी’ हें नांव द्यावें, यांत औचित्य आहे. यक्ष आणि गंधर्व हे आपल्या कल्पनेंतील परलोकवासी शेजारीच होत. भेद इतकाच कीं, चित्रपटास तारकांचा प्रदेश उभा करण्यास कोट्यवधि रुपये लागतात. तमाशांत स्वर्गांतून भूतलावर येण्यास एक गिरकी पुरते.

अशा कथेंत नायक खरोखर गंधर्व आहे. विवाह त्याचा, शाप त्याचा, मुक्तीही त्याचीच. सावळ्या केवळ साहाय्यक. तथापि प्रेक्षक परत जातांना गंधर्वाविषयीं बोलत नाहीं. तो सावळ्याविषयीं बोलतो. याचें कारण सावळ्याच्या जागेंत आहे. कुंभार हा गांवच्या बारा बलुतेदारांपैकीं एक. माती वाहणें, ती तुडविणें आणि तिला आकार देणें हा त्याचा धर्म. स्वर्गांतून पडलेल्या तेजाला पृथ्वीवर आसरा मिळतो तो राजवाड्यांत नव्हे, तर या माती तुडविणाऱ्याच्या अंगणांत. दैवी इच्छा आणि राजसत्ता यांच्या मधोमध एक साधा कारागीर उभा केला आहे, आणि दोहोंचा भार त्याच्याच डोक्यावर दिला आहे. तो दरबारांत भितो, गडबडतो, भलतेंच बोलतो. पण त्या भलत्या बोलण्यांतच राजाचा पोकळ डौल उघडा पडतो. सोंगाड्यास ऐन वेळीं पदरचें बोलण्याची मुभा असल्यामुळें गांवांतील ताजी घडामोडही त्या दरबारांत शिरत असे. येथें हास्य खालून वर जातें.

ताऱ्यांमधील बावळा

आतां दुसरें पात्र. जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्यें निघाला. त्यांतील कथा दोन यंत्रमानवांच्या मागोमाग सुरू होते. सी-थ्रीपीओ हा सतत कुरकुरणारा भित्रा दुभाषी. आर-टू-डी-टू हा बुटका आणि धिटुकला. ही कल्पना ल्यूकस यांस जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटावरून सुचली. तेथें सेनापति आणि राजकन्या यांची कथा दोन लोभी, भांडखोर शेतकऱ्यांच्या नजरेनें दाखविली आहे. थोरांची कथा लहानांच्या उंचीवरून पाहावयाची, ही ती युक्ति होय. आणि ती यशस्वी झाली.

१९९९ मध्यें याच मालिकेंतील ‘द फँटम मेनेस’ या चित्रपटांत जार जार बिंक्स नांवाचें नवें विनोदी पात्र आलें. लांब कानांचा, पाण्याखालील नगरींत राहणाऱ्या जमातीचा हा जीव. अजागळपणाबद्दल स्वजनांनींच त्याला हद्दपार केलेलें. संगणकानें चितारलेल्या या पात्रास अहमद बेस्ट या नटानें हालचाल आणि आवाज दिला होता. मुलांना तो आवडेल अशी योजना होती. पण मोठ्या प्रेक्षकांनीं त्याचा विलक्षण तिटकारा केला. त्याची मोडकी भाषा आणि चाल पाहून, यांत कॅरिबियन कृष्णवर्णीयांची टिंगल आहे, असा आक्षेपही घेतला गेला. ल्यूकस यांनीं तो नाकारला. परंतु त्या तिरस्काराचा घाव पडला तो पात्रावर नव्हे, नटावर. त्या दिवसांत आत्मनाशाचे विचार मनांत आल्याचें बेस्ट यांनीं २०१८ मध्यें सांगितलें. पुढें २०२३ मध्यें त्याच विश्वांतील एका मालिकेंत ते एका शूर रक्षकाच्या भूमिकेंत आले, तेव्हां मात्र प्रेक्षकांनीं त्यांचें मनापासून स्वागत केलें.

सावळ्याही अडखळतो आणि जार जारही अडखळतो. मग एकास प्रेम आणि दुसऱ्यास तिरस्कार कां? सावळ्याची भाषा बोलणारा नट त्याच मातींतला होता आणि समोर बसलेला प्रेक्षकही तीच भाषा बोलत होता. त्यामुळें सावळ्याच्या फजितींत प्रेक्षकाला स्वतःची फजिती दिसे आणि त्याच्या विजयांत स्वतःचा विजय. जार जारच्या वांट्यास अशी आपली माणसें आलीं नाहींत. त्याची भाषा आपली म्हणणारा कोणीही पडद्यावर शहाणा दाखविला नव्हता. तेथें हास्य वरून खालीं आलें; आणि वरून खालीं येणारें हास्य हें पुष्कळदां दगडासारखेंच लागतें.

तरीही या पात्रास अर्थ नाहीं असें नाहीं. २००२ च्या पुढील चित्रपटांत जार जार लोकप्रतिनिधि झालेला आहे. संकटकाळीं सभागृहांत उभा राहून राष्ट्रप्रमुखास विशेष अधिकार द्यावेत, अशी सूचना तोच भाबडेपणानें मांडतो. आणि त्या अधिकारांतूनच पुढें जुलमी साम्राज्य उभें राहतें. ज्याला सर्वांनीं हंसून बाजूस सारलें, त्याच्या साधेपणाचा उपयोग धूर्तानें करून घेतला.

आमचा मैत्रेय

संस्कृत नाटकाच्या वाचकांस येथें ‘मृच्छकटिक’ आठवल्याशिवाय राहणार नाहीं. चारुदत्ताचा जिवलग मित्र मैत्रेय न्यायसभेंत शकाराशीं झोंबतो, आणि त्या झटापटींत त्याच्याजवळील वसंतसेनेचे अलंकार खालीं पडतात. तोच पुरावा निर्दोष चारुदत्तास वधस्तंभाकडे नेतो. मित्रावर जीव ओंवाळणारा विदूषकच अनर्थास कारण होतो! परंतु शूद्रकानें मैत्रेयाचा उपहास केला नाहीं. दारिद्र्यांत चारुदत्तास न सोडणारा मित्र म्हणून त्याला जी प्रतिष्ठा दिली, ती अखेरपर्यंत कायम ठेवली.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांनीं विसरूं नये. संस्कृत नाटकांतील विदूषक हा जातीनें ब्राह्मण असतो आणि तो बोलतो प्राकृत. राजा व मंत्री संस्कृत बोलतात. राणी, दासी आणि हा ब्राह्मण मात्र प्राकृतांत बोलतात. म्हणजे विद्येचा डौल मिरविणाऱ्या वर्गानें आपल्याच खादाड, पोथी न उघडणाऱ्या भाईबंदास रंगभूमीवर उभें केलें आणि आपल्यावर हंसण्याची मुभा सर्वांस दिली. त्या काळच्या नाटककारांस हास्याचें इतकें औदार्य होतें.

आपण कोणास हंसतों?

तें औदार्य आपल्या माजघरांत उरलें आहे काय? तमाशा पाहणें हें आमच्यांतील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या निषिद्ध मानलें गेलें. १९६५ मध्यें वसंत सबनीसांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलें आणि दादा कोंडके यांच्या सोंगाड्यानें पांढरपेशा प्रेक्षकालाही नाट्यगृहांत खेंचलें. ‘गाढवाचं लग्न’ही पुढें प्रकाश इनामदारांसारख्या नटांनीं रंगभूमीवर गाजविलें; २००७ मध्यें मकरंद अनासपुरे यांना घेऊन त्याचा चित्रपटही झाला. म्हणजे सावळ्या आमच्या दिवाणखान्यांत आला. पण तो आंत आला तो कोणत्या नात्यानें?

घरांत कामास येणारी बाई ‘पानी’ म्हणाली कीं, ओठांत हंसणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. कित्येकदां आजोबा-काकाही त्या हंसण्यांत सामील होतात आणि ‘पाणी म्हणावें बरें का’ असें म्हणून विद्वत्तेचा प्रसाद देतात. त्याच संध्याकाळीं हींच मुलें सावळ्याच्या बोलण्यावर टाळ्या पिटतात. बाहेरून दोन्ही हास्यें सारखींच दिसतात. पण पहिल्यांत एक मनुष्य लहान होतो. दुसऱ्यांत राजा लहान होतो आणि मनुष्य मोठा. एकत्र कुटुंबांत मूल भाषा जशी वडीलधाऱ्यांच्या तोंडून शिकतें, तसें हंसणेंही त्यांच्याच तोंडाकडे पाहून शिकतें.

म्हणून मुलांबरोबर ताऱ्यांवरील चित्रपट पाहावा, जमल्यास सावळ्याचा वगही पाहावा. आणि मग त्यांना एवढेंच विचारावें: ‘या गोष्टींत तुम्ही हंसलांत तें कोणाला? आणि त्याच्या जागीं तुम्ही असतां, तर तुम्हांलाही हंसूं आलें असतें काय?’ या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर देतांना मूल क्षणभर थबकलें, तर त्या विदूषकाचें काम झालें असें समजावें.